गिळलेला हुंदका शरीरात कुठे जातो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या इंदिरानगरमध्ये राहणाऱ्या ४२ वर्षांच्या एका ताईंची आई दोन वर्षांपूर्वी गेली. शेवटचे आठ महिने आईचे सगळे त्यांनीच केले. रुग्णालयाच्या खेपा, पथ्यपाणी, रात्रीची जागरणे, आणि नंतर रामकुंडावरच्या दशक्रियेपासून आल्यागेल्यांच्या चहापर्यंतची सर्व व्यवस्था त्यांच्याच अंगावर होती. त्या काळात त्या रडल्या नाहीत. आता त्यांची मान आणि खांदे कायम आखडलेले असतात, सकाळी उठल्यावर जबडा दुखतो, घशात गोळा अडकल्यासारखे वाटते आणि श्वास छातीच्या वरच्या भागातच घुटमळतो. ईसीजी, थायरॉईड, रक्ताच्या तपासण्या, एन्डोस्कोपी, सगळे नॉर्मल आले आहे. गेल्या महिन्यात योगवर्गात शवासन चालू असताना त्यांना एकाएकी रडू कोसळले, हात थरथरू लागले, आणि त्या इतक्या घाबरल्या की पुन्हा वर्गाला गेल्या नाहीत. त्या विचारतात की दाबलेली भावना खरोखर शरीरात साठते का, ती सगळी बाहेर काढावीच लागते का, आणि शरीराला पुन्हा सुरक्षित वाटायला किती काळ लागतो.

ताई, आधी शवासनाचे सांगते, कारण तुमची भीती तिथे अडकली आहे. शिथिल होत असतानाच अस्वस्थता उसळते हा अनुभव मानसशास्त्राला परिचित आहे. १९८३ सालीच संशोधकांनी त्याला स्वतंत्र नाव देऊन त्याचा अभ्यास केला होता. ज्या शरीराने बराच काळ स्वतःला आवळून धरले आहे, त्याला पकड सैल होणे हेच धोक्याचे वाटू शकते. त्यात डोळे मिटलेले, पाठीवर उताणे पडलेले, खोलीत शांतता आणि सगळे लक्ष आत वळलेले. त्या क्षणी पकड थोडी सुटली आणि मागे थांबून राहिलेले रडू वर आले. हात थरथरणे हाही त्याच उत्तेजनाचा भाग होता. यात काही बिघडले नाही. फक्त जे घडले ते तुम्हाला झेपेल त्यापेक्षा एकदम जास्त घडले. वर्गाला परत जा, पण शिक्षकांना आधी कल्पना द्या, दाराजवळची जागा घ्या, शवासनात कुशीवर झोपा, डोळे उघडे ठेवा, आणि दोन-तीन मिनिटांनी उठून बसायची मुभा मागून घ्या.

आता साठण्याबद्दल. भावना ही एखादी वस्तू नाही, त्यामुळे ती खांद्यात किंवा पोटात एखाद्या गाठीसारखी पडून राहत नाही. टिकून राहते ते भावना आवरून धरण्याचे काम, आणि हे काम शरीर करते. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९३ आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना किळस आणणाऱ्या व दुःखद चित्रफिती दाखवल्या आणि काहींना सांगितले की, तुम्हाला काय वाटते आहे ते चेहऱ्यावर अजिबात दिसू देऊ नका. त्यांनी चेहरा कोरा ठेवला. पण आतले वाईट वाटणे त्याने कमी झाले नाही, आणि शरीराला सज्ज करणाऱ्या मज्जासंस्थेच्या खुणा मात्र वाढल्या. म्हणजे बाहेरून शांत दिसण्याची किंमत आत मोजली जात होती. ही अवघ्या काही मिनिटांच्या चित्रफितीची गोष्ट झाली. तुम्ही आठ महिने, आणि पुढे दोन वर्षे, तो चेहरा सांभाळला आहे.

हुंदका आवरताना माणूस नेमके काय करतो, ते एकदा बारकाईने पाहा. जीभ टाळूला घट्ट लागते. दातांवर दात बसतात आणि कानाच्या पुढचा स्नायू टणक होतो. घसा आवळला जातो, आवंढा गिळला जातो, पण तो नीट उतरत नाही. हनुवटी थोडी वर किंवा आत ओढली जाते आणि मानेच्या मागचा भाग ताठ होतो. खांदे कानांकडे चढतात, पोट आत ओढले जाते, आणि श्वास अर्ध्यावर थांबतो, कारण पूर्ण उच्छ्वास सोडला तर त्याच्यासोबत आवाज बाहेर पडेल ही भीती असते. आता तुम्ही लिहिलेल्या तक्रारी पुन्हा वाचा. जबडा, घसा, मान, खांदे, वर अडकलेला श्वास. रडू थांबवण्यासाठी लागणाऱ्या स्नायूंचीच ती यादी आहे. तुमच्या तपासण्या नॉर्मल आल्या याचा अर्थ दुखणे मनाने रचलेले आहे असा मुळीच होत नाही; जो स्नायू दिवसभर अर्धवट आकसलेला असतो तो खराखुरा दुखतो, आणि रात्री दात आवळून झोपणाऱ्याचा जबडा सकाळी खराखुराच ठणकतो.

या आवरून धरण्याच्या जोडीला तुमच्या बाबतीत दुसरीही एक गोष्ट आहे, जी आजारी माणसाची सेवा केलेल्या बहुतेकांत मला दिसते. रात्री झोपेतही तुमचा कान आईच्या खोकल्याकडे लागलेला असणार. धोका जाणवला की काही सेकंदांत ॲड्रेनलिन वाढते, त्यामागून कॉर्टिसॉल वाढते, नाडी जलद होते, पचन मागे पडते. संकट टळल्यावर हे सगळे खाली येणे अपेक्षित असते. पण संकट रोज रात्री येणार असेल, तर शरीर खाली येणेच सोडून देते, कारण पुन्हा वर चढण्यापेक्षा वरच थांबणे त्याला सोयीचे ठरते. आई गेल्यावर ही राखण संपली, हे तुम्हाला कळले आहे. तुमच्या शरीराला ते अजून कोणी सांगितलेले नाही. आणि शरीराला ते शब्दांनी सांगता येत नाही, इथेच माणसे अडकतात. मेंदू आणि छाती-पोट यांना जोडणाऱ्या वेगस या मज्जातंतूतले सुमारे ८० टक्के तंतू शरीराकडून मेंदूकडे निरोप नेतात. श्वास उथळ, पोट आवळलेले, जबडा घट्ट, असेच निरोप सतत वर जात राहिले, तर मेंदू त्यांचा अर्थ ‘अजून काहीतरी चालू आहे’ असाच लावतो, आणि पुन्हा आवळण्याचाच आदेश देतो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबाबत माझे मत ठाम आहे. सगळे बाहेर काढावे लागत नाही, आणि तसा प्रयत्न करूही नये. नाशिकमध्ये माझ्याकडे येणारे कितीतरी लोक मनाची तुलना गंगापूर धरणाशी करतात: पाणी काठोकाठ भरले आहे, दरवाजे उघडले की मोकळे होऊ. ही कल्पना सोपी आहे म्हणून पटते, पण ती माणसांना चुकीच्या वाटेने नेते. ब्रॅड बुशमन यांच्या २००२ च्या प्रयोगात, राग आणणाऱ्या व्यक्तीचा विचार करत बॉक्सिंगच्या पिशवीवर ठोसे मारणाऱ्यांचा राग ओसरला नाही. काहीही न करता बसून राहिलेल्यांपेक्षा ते अधिक रागावलेले आणि अधिक आक्रमक निघाले. आघातानंतर लगेच एकाच बैठकीत माणसाकडून सगळे वदवून घेण्याची जी पद्धत एके काळी जगभर रूढ होती, तीही आता करू नये असेच आरोग्यविषयक मार्गदर्शक सूचना सांगतात. ‘एकदा ओक्साबोक्शी रड म्हणजे मोकळी होशील’ असे मायेने सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण जे शरीर रडण्यालाच घाबरले आहे त्याच्यावर रडण्याची सक्ती केली, तर ते आणखी आवळले जाते.

या बाबतीत आपल्याकडचा जुना विचार मला फार नेमका वाटतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात अडवू नयेत असे १३ शारीरिक वेग सांगितले आहेत, आणि त्यांत अश्रूंचा समावेश आहे. अश्रू अडवल्याने सर्दी, डोळ्यांचे विकार, हृदयाचे विकार, अन्नावरची वासना जाणे आणि भोवळ येते असे तिथे म्हटले आहे. त्याच अध्यायात पुढे लोभ, शोक, भय, क्रोध यांचे वेग मात्र आवरावेत असे सांगितले आहे. वरवर हे परस्परविरोधी वाटते, पण तसे नाही. डोळ्यांत आलेले पाणी वाहू द्यावे, आणि शोकाच्या किंवा रागाच्या भरात स्वतःला वाहू देऊ नये, असा हा भेद आहे. अश्रू अडवल्यावरचा उपाय म्हणून तिथे झोप आणि मनाला प्रिय अशा गप्पागोष्टी सांगितल्या आहेत. त्या यादीत मद्यही आहे, पण तो सल्ला मी कोणालाही देणार नाही; दुःख विसरण्यासाठी घेतलेली दारू झोप मोडते आणि दुसऱ्या दिवशीची धडधड वाढवते, हे आपल्या जिल्ह्यातल्या अनेक घरांनी सोसलेले आहे.

मग करायचे काय? क्रम असा ठेवा, की आधी शरीराला सुरक्षिततेचा अनुभव द्यायचा, वारंवार आणि थोडा थोडा, आणि रडू त्याच्या वेळेने येऊ द्यायचे.

सुरुवात श्वासाने करायला हरकत नाही, पण ‘दीर्घ श्वास घ्या’ हा सल्ला तुमच्यासाठी नाही. वर अडकलेल्या श्वासावर आणखी श्वास ओढून घेतला तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते, आणि माणूस अधिकच घाबरतो. त्याऐवजी उच्छ्वास लांबवा. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, हे शरीरातच बांधलेले आहे. नेहमीसारखा श्वास घ्या आणि ओठ किंचित मिटून, गरम दूध फुंकताना सोडतो तसा सावकाश सोडा. पाच-सहा श्वास पुरे. त्याच वेळी जीभ टाळूवरून खाली ठेवा आणि दातांमध्ये थोडे अंतर राहू द्या. दिवसातून अनेकदा, भांडी घासताना, सिग्नलला थांबल्यावर, फोन उचलण्याआधी हे करा. सकाळी एकदाच अर्धा तास बसण्यापेक्षा दिवसभर विखुरलेले असे अर्धे-अर्धे मिनिट अधिक उपयोगी पडते, कारण शरीर जे शिकले आहे ते रोजच्या कामांतच शिकले आहे.

ज्यांना श्वासाकडे लक्ष दिले तरी धास्ती वाटते, त्यांनी आवाज वापरावा. लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवले की जपमाळेवरची ख्रिस्ती प्रार्थना किंवा मंत्र लयीत म्हणताना श्वासाची गती मिनिटाला सहाच्या आसपास येते आणि हृदय व रक्तदाब यांचा मेळ सुधारतो. हरिपाठ, नामस्मरण, आरती, अगदी नुसते गुणगुणणे, यांतही उच्छ्वास आपोआप लांबतो आणि घसा हलका कंप पावतो. मला इथे जात्यावरच्या ओव्यांची आठवण होते. पहाटे दोघी समोरासमोर बसून दळायच्या, खांदे आणि पाठ लयीत हलायची, आवाज बाहेर पडायचा, आणि माहेरची आठवण, सासरचा जाच, मेलेल्या लेकराचे दुःख ओवीत सांगितले जायचे. हालचाल, लय, आवाज आणि समोर ऐकणारे माणूस, हे चारही एकत्र असण्याची ती रोजची सोय होती. त्या कष्टांचे गोडवे मला गायचे नाहीत. पण जाते गेले तेव्हा त्यासोबतची ही सोयही गेली, आणि तिची जागा भरून काढणारे आपण काही उभे केले नाही, असे मला मनापासून वाटते.

दुसरे म्हणजे, लक्ष फक्त दुखऱ्या जागेवर ठेवू नका. घशातला गोळा जाणवला की दहा-पंधरा सेकंद त्याची दखल घ्या आणि मग लक्ष शरीराच्या अशा भागाकडे न्या जिथे ठीक वाटते आहे; बऱ्याच जणांना तळपाय किंवा तळहात सोपे जातात. मग पुन्हा घशाकडे, पुन्हा तळपायाकडे. यातून शरीर शिकते की अस्वस्थतेच्या जवळ जाऊनही परत येता येते. मी एका द्राक्ष बागायतदाराबरोबर काम केले होते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते. गारपिटीत काढणीला आलेली बाग गेली, तरी घरात त्यांनी एक शब्द काढला नाही. पुढे जेवले की पोटात आग, रात्री छातीत धडधड. माझ्यासमोर ते कर्जाचे आकडे अगदी सपाट आवाजात सांगत होते, आणि पूर्ण वेळ त्यांची डावी टाच जमिनीला टेकलेली नव्हती. पिंडरी टणक होती, जणू कोणत्याही क्षणी उठून बागेत धावायचे आहे. मी आकडे थांबवले आणि त्यांना फक्त टाच टेकवायला, आणि खालची फरशी गार आहे की कोमट ते सांगायला सांगितले. टाच टेकली, काही वेळाने मोठा उसासा आला, पोटात गुडगुडले, आणि मग ते म्हणाले, “त्या रात्री पत्र्यावर आवाज ऐकत मी नुसता बसून होतो.” ते वाक्य त्यांनी त्याआधी कोणालाही सांगितले नव्हते. ते रडले नाहीत. त्या दिवशी रडायची गरजही नव्हती.

उसासा, जांभई, पोटात गुडगुडणे, हातापायांना ऊब येणे, डोळ्यांत नुसतेच पाणी तरारणे, अशा लहान खुणांकडे लक्ष ठेवा. पकड सैल होते आहे हे त्या सांगतात. त्यानंतर बहुतेकांना झोप जरा गाढ लागते आणि भुकेची वेळ कळू लागते. आणि मग, ज्याची घरच्यांना आधी कल्पना द्यायला हवी, तो टप्पा येतो: राग. दहाव्यालाच उगवलेला भाऊ, ‘तू किती खंबीर आहेस’ म्हणून सगळे तुमच्यावर सोपवणारे नातेवाईक, आणि कधीकधी गेलेल्या आईवरसुद्धा. तो आला म्हणून आपण वाईट झालो असे समजू नका. तो कागदावर लिहा. जेम्स पेनबेकर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सलग चार दिवस, रोज १५ मिनिटे मनातल्या जखमेबद्दल लिहिणाऱ्यांना लिहिल्यानंतर लगेच अधिक वाईट वाटले, पण पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्या डॉक्टरांकडच्या फेऱ्या कमी झाल्या. नंतरच्या अनेक अभ्यासांत हा परिणाम सरासरीने लहानच निघाला, म्हणून मी त्याला रामबाण म्हणत नाही. पण भावाला रात्री अकरा वाजता फोन लावण्यापेक्षा वही निश्चित बरी.

वेगस नर्व्ह ‘रीसेट’ करणाऱ्या व्यायामांचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. त्यांतले बरेचसे स्टीफन पोर्जेस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये मांडलेल्या, वेगस मज्जातंतू आणि सुरक्षिततेची भावना यांचा संबंध सांगणाऱ्या ‘पॉलीव्हेगल’ सिद्धांताचा आधार घेतात. त्या सिद्धांतातील शरीररचनेविषयीच्या काही दाव्यांना शास्त्रज्ञांनी गंभीर आक्षेप घेतले आहेत. समोरच्या माणसाचा चेहरा, आवाजाचा सूर आणि सोबत यांनी शरीर शांत होते, हे निरीक्षण मात्र माझ्या रोजच्या कामात खरे ठरते. त्यामुळे बर्फाच्या पाण्यात तोंड बुडवण्यापेक्षा ज्या मैत्रिणीजवळ तुम्हाला गप्प बसता येते, तिच्याबरोबर आठवड्यातून दोनदा गोदापार्कला चालायला जा. आईबद्दल बोलणे झाले तर झाले. नाही झाले तर नुसते शेजारी चालणेही पुरते.

किती काळ लागेल? आवरून धरायची सवय लागायला तुम्हाला आठ महिने लागले, आणि मला शंका आहे की तिचे मूळ त्याआधीचे, लहानपणी ‘रडू नकोस, शहाणी ना तू’ ऐकण्यातले असावे. काही आठवड्यांत श्वास आणि झोप यांत फरक जाणवायला हवा. मान-जबड्याला सहसा काही महिने लागतात, आणि सोबत फिजिओथेरपी घेतली तर उत्तम. सुधारणा सरळ रेषेत होत नाही. पितृपक्ष, वर्षश्राद्ध, आईच्या वयाची एखादी बाई त्याच रुग्णालयाच्या दारात दिसणे, अशा वेळी सगळे पुन्हा परतल्यासारखे वाटते. ते दोन-चार दिवसांत ओसरते, आणि प्रत्येक वेळी ओसरायला कमी वेळ लागतो का, एवढेच पाहायचे.

शेवटी काही सावधगिरीच्या गोष्टी, ज्या मी कोणालाही सांगितल्याशिवाय सोडत नाही. मागचा ईसीजी नॉर्मल होता म्हणून पुढची छातीतली कळ अंगावर काढू नका. जिना चढताना दडपण येत असेल, कळ हातात, पाठीत किंवा जबड्यात जात असेल, सोबत घाम किंवा मळमळ असेल, तर थेट रुग्णालयात जा; स्त्रियांमध्ये हृदयविकाराची लक्षणे पुष्कळदा ठळक नसतात. तुमच्या वयात पाळीतले बदल, रक्तक्षय आणि बी-१२ ची कमतरता याही गोष्टी थकवा आणि धडधड वाढवतात, त्या तपासल्या आहेत का ते पाहा. आईची ओढ दोन वर्षांनंतरही रोज तितकीच तीव्र असेल, आणि तिच्यामुळे कामात किंवा माणसांत लक्ष लागत नसेल, तर त्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या वर्गीकरणात दीर्घकालीन शोकविकार असे स्वतंत्र निदान आहे आणि त्यावर उपचार आहेत. जगणे नकोसे वाटण्याचे विचार आले तर वाट न पाहता १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे, दिवसरात्र चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येते. समुपदेशक निवडताना पहिल्या भेटीत एकच गोष्ट विचारा: मला मध्येच थांबावेसे वाटले तर तुम्ही काय कराल? उत्तर ‘तेव्हा आपण थांबू’ असे नसेल, तर दुसऱ्या कोणाकडे जा.